हप्त्याची बोली

“मामा, किती म्हणायचं?”

“दोन हजार.”

“आणि त्याच्या पुढं?”

“पुढं काय न्हाई. तोंड गप.”

“नक्की ना?”

“आता हिलाच विचार,” म्हणत मामांनी माझ्या कडेवरच्या शांभवीची हनुवटी धरली. “सांगा शांभवीबाई, किती म्हणायचं?”

सात महिन्यांच्या शांभवीने उत्तर म्हणून त्यांची टोपी ओढली. टोपी कडक इस्त्रीची होती. सदराही तसाच. आमच्या शेखवकिलांनी बजावून सांगितलं होतं, कोर्टात येताना साधे या, जमलं तर जुनंच काहीतरी घाला, आपण हप्ता कमी मागणार आहोत. आणि मामा, म्हणजे माझे सासरे सिद्राम हत्तुरे, लग्नाच्या बैठकीला निघाल्यासारखे नटून आले होते. वर कानात अत्तराचा फाया.

“जुना सदरा काढून ठेवला होता ना मी?”

“फाटक्या सदऱ्यातला माणूस पैसे देतो म्हणाला, तर कुणाला खरं वाटंल?”

मी शांभवीचं दुपटं बदलायला जागा शोधत होते. तालुका कोर्टाच्या व्हरांड्यात एकच बाक, त्यावर दोन पक्षकार आणि त्यांच्याहून मोठं एक गाठोडं. मी उभ्या उभ्याच दुपटं बदललं. ओलं पिशवीत घातलं आणि मग लक्षात आलं की त्याच पिशवीत आमचे कागद होते.

आमच्या गावचा मंगळवारचा जनावरांचा बाजार मोठा. बाजारात येणाऱ्या प्रत्येक जनावरामागे नगरपालिकेची पावती फाटते. पावत्या फाडून वसुली करायचा ठेका पालिका दरवर्षी लिलाव करून देते, आणि लिलाव म्हणजे मामांचा जीव. ठेका मिळो न मिळो, लिलाव त्यांनी कधी चुकवला नाही. समोर दुसरे ठेकेदार कोनापुरे असले तर विचारायलाच नको. कोनापुऱ्यांनी एक आकडा म्हटला की मामांच्या तोंडून त्याच्या वरचा निघणारच, शिंक आल्यासारखा. गावात त्यांचं नावच पडलं होतं, बोली सिद्राम.

माझं लग्न व्हायच्या आदल्या वर्षी असंच झालं. कोनापुरे चढले, मामा चढले, कोनापुरे आणखी चढले, मामा त्याहून चढले, आणि मग कोनापुरे हसत हसत खाली बसले. एक वार, दोन वार, तीन वार. ठेका मामांच्या गळ्यात. त्या वर्षी पाऊस झाला नाही. जनावरं चारा छावणीत गेली. बाजारात दावी आणि घुंगरं विकणारे तेवढे उरले, आणि त्यांच्याकडे गिऱ्हाईक नाही. ठेक्याची रक्कम थकली, पालिकेने दावा लावला, निकाल पालिकेच्या बाजूने गेला. व्याज धरून दोन लाख ऐंशी हजार. आता पालिकेचा अर्ज होता, राहतं घर जप्त करा. आमचा अर्ज होता, हप्ते बांधून द्या. सुनावणी आज होती.

माझं सगळं त्या एका आकड्यावर अडलं होतं. माझा नवरा विरेश चाकणला कंपनीत, पगार चौदा हजार. हप्ता त्यातूनच जाणार, दुसरं कमावणारं कोण होतं घरात? दोन हजारांवर भागलं असतं तर उरलेल्यात तिकडे एक खोली घेता येत होती. त्याने बघूनही ठेवली होती. खिडकीला जाळी होती, मोरी आत होती. शांभवी झाल्यापासून तो तीनदा आला होता. बाप म्हणजे फोन असा तिचा समज झाला होता. कुणाचाही फोन दिसला की ती त्याचा मुका घ्यायची.

तेवढ्यात शेखवकील काळा कोट सावरत आले. मामांच्या टोपीकडे आणि सदऱ्याकडे त्यांनी एकदा बघितलं आणि सुस्कारा टाकला.

“आत तुम्ही बोलायचं नाही, मामा. मी बोलणार. मॅडमनी विचारलंच तर दोन हजार. बास.”

“बास,” मामा म्हणाले. मग थोडं थांबून, “साहेब, एक विचारू? हप्ते चालू असताना माणूस मेला तर?”

“मामा!” मी म्हटलं. “दिवस कुठला आणि बोलता काय!”

“विचारतोय नुसतं.”

“मेला तर काय, घर आहेच,” शेखवकील कागद चाळत म्हणाले. “पालिका घराचा पिच्छा सोडत नाही. घर ज्याच्याकडे जाईल त्याच्यामागे ही बाकी.”

“म्हणजे विरेश.”

“विरेश. आणि लांबलंच, तर या बाईसाहेब.” त्यांनी हसून शांभवीच्या गालाला बोट लावलं.

मामांनी शांभवीकडे बघितलं. समोरून पालिकेचे वकील खमितकर येत होते. “या साहेब, चहा घेणार का?” मामांनी हाक मारली. आमचं घर जप्त करायला निघालेल्या माणसाला! खमितकरांनी घेतलासुद्धा. पैसे मामांनी माझ्याकडून घेतले.

पुकारा झाला. न्यायाधीश बाई होत्या, पुढ्यातल्या कागदांच्या ढिगाने सकाळीच दमलेल्या. शेखवकिलांनी फार चांगलं मांडलं. वय सत्तर, पत्नी हयात नाही, उत्पन्न नाही, एकुलता मुलगा परगावी, सून लेकुरवाळी. लेकुरवाळी म्हणताना त्यांनी माझ्याकडे हात केला आणि शांभवीने अगदी वेळेवर भोकाड पसरलं. शाबास गं माझी बाई, मी मनात म्हटलं.

“दरमहा दोन हजार भरायला तयार आहेत, मॅडम.”

खमितकर उठले. “दोन हजारांनी फिटायला बारा वर्षं लागतील, मॅडम. पालिकेचं म्हणणं आहे, किमान पाच.”

मॅडमनी चष्म्यावरून मामांकडे पाहिलं. “आजोबा, तुम्हीच सांगा. महिन्याला किती झेपेल?”

मामा उभे राहिले. टोपी नीट केली. मी शांभवीच्या पाठीआडून त्यांना बोटं दाखवली. दोन.

“साडेपाच,” मामा म्हणाले.

शेखवकिलांची मान गर्रकन वळली. खमितकर अर्धे खाली बसले होते, ते तसेच थांबले.

“मॅडम, माझ्या पक्षकाराला प्रश्न नीट ऐकू आलेला नाही,” शेखवकील घाईने म्हणाले.

“आला की.”

“साडेपाच हजार?” खमितकरांना आता हसू आवरेना. “मग सहाच म्हणा की, मामा. हिशेबाला सोपं.”

“सात.”

मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं. “बोली सिद्राम,” कुणीतरी कुजबुजलं. माझे कान तापले. मी मामांचा सदरा मागून ओढला. “मामा, बसा ना खाली! हात जोडते.”

“आठ,” मामा म्हणाले. या वेळी तर समोरून कुणी काही बोललंही नव्हतं.

“आजोबा,” मॅडम म्हणाल्या, “हा लिलाव नाही.”

“ठाऊक हाय, बाईसाहेब. लिलावात पुढच्या गड्याकडं बघून बोलायचं असतंय. मी तुमच्याकडं बघून बोललो.”

“दरमहा आठ हजार आणणार कुठून?”

“आणतो. ठरलंय माझं.”

“लागोपाठ दोन हप्ते चुकले तर सगळी रक्कम एकदम द्यावी लागेल. घर जप्त होईल. कळतंय ना?”

“कळतंय. तीन वर्षांत फिटतंय, बाईसाहेब. लिहा तुम्ही.”

शेखवकिलांनी आणखी एकदा तोंड उघडलं, पण मॅडम सांगायला लागल्या होत्या आणि कोपऱ्यातली बाई टाइप करायला लागली होती. आठ हजार. त्या आठाबरोबर माझी चाकणची खोली गेली, जाळीच्या खिडकीसकट.

बाहेर आल्यावर शेखवकिलांनी कोट काढून हातावर टाकला. “मामा, मला कशाला उभं केलंत? मॅडमचा कल दिसत होता. मी तीनवर आणलं असतं. तीनवर!”

“तुम्ही झक्कास बोललात, साहेब. लेकुरवाळी म्हणालात ते तर लई आवडलं मला. भजी खाणार?”

शेखवकील तडक निघून गेले. मग माझा बांध फुटला. कोर्टाचं आवार, येणारीजाणारी माणसं, सासऱ्यांसमोर आवाज चढवायचा नाही हे आईचं सांगणं, मला काही काही दिसेना.

“कोनापुरे होते का आज समोर? सांगा ना! कुणाशी चढाओढ करत होता तुम्ही? अहो, आपल्याच अंगावर बोली वाढवत होता! असा लिलाव जगात कुणी बघितलाय का?”

मामा ऐकत होते. मान खाली घालून नाही, तसंच सरळ, चांगला भाव यायची वाट बघणाऱ्या बैलवाल्यासारखे.

“विरेशच्या पगारातून आठ गेल्यावर खायचं काय? पोर बापाला ओळखत नाही, मामा. तुम्हाला त्याचं काहीच नाही का?”

“भूक लागली असंल तिला,” मामा म्हणाले. “तिथं झाडाखाली बस. पाज आधी.”

मी पाजलं. रडत रडत पाजलं. मामा पाठ करून आडोशाला उभे राहिले, कुणी तिकडे वळू नये म्हणून.

संध्याकाळी विरेशला फोन केला. मागे यंत्रांचा आवाज येत होता. “कधी सुधारणार गं हे?” तो म्हणाला. “खोलीवाल्याला नाही म्हणून सांगतो.” शांभवीने नेहमीसारखा फोनचा मुका घेतला आणि बटण दाबलं जाऊन फोन बंद झाला.

त्यानंतरचे दिवस मी मामांशी कामापुरतंच बोलले. भाकरी ताटात ठेवताना आवाज जरा जास्तच होत असेल. ते मात्र मजेत. शांभवीला पायांवर झोपवून ‘एक वार, दोन वार’ म्हणत झुलवायचे, तीन वार म्हटलं की उचलायचे, आणि ती कार्टी खिदळायची. हसू नको, मला म्हणावंसं वाटायचं, यानेच तर घात केलाय आपला.

मंगळवार उजाडला. मी उठले तर मामा आंघोळ करून, तीच इस्त्रीची टोपी घालून दारात.

“दुपारचं माझं करू नको.”

“कुठं निघालात?”

“बाजारात.”

झालं. दुसरं काय सुचणार? कुठल्या बैलाला काय भाव आला, कोण किती चढला, हे बघत दिवसभर उभे राहणार. ऊन वर आल्यावर फडताळात त्यांची रक्तदाबाची गोळी तशीच दिसली. आधी वाटलं, राहू दे. मग शांभवीला खांद्यावर टाकलं, गोळी पदराच्या टोकाला बांधली आणि तरातरा निघाले. रस्ताभर मी काय काय बोलायचं ते जुळवत होते. बाजारात चार माणसांसमोर बोलायचं, असंही ठरवलं होतं.

त्या वर्षी बाजार भरला होता. शिंगं रंगवलेली खिल्लारं, टेम्पोतून उतरायला तयार नसलेल्या म्हशी, धूळ, मुताचा वास. आत जायच्या फाटकाशी गर्दी अडली होती. गर्दीच्या तोंडाशी, उन्हात, लोखंडी खुर्चीवर पांढरी टोपी.

मामा पावत्या फाडत होते.

“रेडकाची वेगळी पावती, पावणं,” ते एका म्हशीवाल्याला सांगत होते.

“एवढंसं तर हाय, अण्णा. सोडा की.” म्हशीवाल्याने त्यांना नीट बघितलं आणि दात काढले. “आं? सिद्रामअण्णा? तुम्ही आणि कोनापुऱ्याच्या फाटकावर?”

“रेडकाची पावती पडंल. चौकशी फुकट हाय. चला, म्होरं व्हा.”

माझे पाय तिथेच थांबले. बाजूच्या पत्र्याच्या शेडमधून कोनापुऱ्यांनी मला बघितलं. जाडजूड माणूस, कपाळावर भस्माचे पट्टे. स्वतःची खुर्ची त्यांनी माझ्याकडे सरकवली.

“या सूनबाई. लेकराला सावलीत घ्या.” मग मामांकडे हनुवटी करून हळूच म्हणाले, “आयुष्यात या माणसाला मी एकदाही हरवलं नाही बघा. गेल्या सोमवारी, दिवेलागणीला घरी आला. मला वाटलं, भांडायलाच आला. म्हणतो, तालुक्यातले चार बाजार तुझ्याकडं हायत, पावत्या फाडायला माणूस पायजे का? बायको आतून बाहेर आली ऐकून. मी म्हटलं, सात देतो. तर म्हणाला, साडेआठ. आठ कोर्टाचे आणि पाचशे माझ्या बिडीकाडीचे. मी आठवर आणायला बघितलं, हलला नाही. तिथंही चढलाच!”

“कधी?” मी विचारलं. “सोमवारी?”

“होय की. मंगळवारी तुमची तारीख होती ना?”

तारखेच्या आदल्या दिवशी. शेखवकिलांनी कागद चाळण्याआधी, खमितकरांनी पाच म्हणण्याआधी. जो माणूस समोर दिसला की मामांच्या तोंडून आकडा निघायचा, त्याच्या दारात ते टोपी घालून गेले होते.

मी फाटकाशी गेले. गोळी आणि पाण्याची बाटली त्यांच्यासमोर धरली. त्यांनी मुकाट्याने गोळी गिळली.

“आधी सांगायला काय झालं होतं?”

“तुला सांगितलं असतं, तर तू शेखसाहेबाला सांगितलं असतंस. आणि त्यांनी मला तिथं उभंच केलं नसतं.”

“मला आठ दिवस रडवलंत, मामा.”

“मला वाटलं कुणीतरी सांगंल तुला. गाव एवढं चांभारचौकशा करतंय, आणि नेमकं हेच कुणी बोलंना.” त्यांनी एका शेळीची पावती फाडली. “बारा वर्षं म्हणाले ना गं खमितकर. बारा वर्षं कोण बघतंय? मग उरलेलं हिच्या...” त्यांनी शांभवीकडे बघितलं आणि तेवढ्यात शेळीवाली बाई सुट्ट्या पैशांवरून भांडायला लागली. ते तिच्याशी भांडले. भांडण संपल्यावर त्यांनी ते वाक्य पुन्हा धरलं नाही.

“खोली गेली काय गं ती?” एवढंच विचारलं.

“गेली असेल.”

“दुसरी बघाय सांग विरेशला. त्याच्या पगाराला मी हात लावणार न्हाई आता. मोरी आत असलेली बघ म्हणावं.”

“आणि तुमचं जेवण? औषध? आज विसरलात तसं रोज विसराल.”

“शेजारची कस्तुरा भाकरी देती म्हणाली. गोळी इथं टोपीत ठेवतो.”

मला त्या टोपीचा, त्या कस्तुरेचा, सगळं आधीच ठरवून ठेवणाऱ्या त्या माणसाचा असा काही राग आला, की डोळेच भरून आले. भांडायला म्हणून आले होते आणि भांडायला काही उरलं नव्हतं, याचाही राग आला.

पुढे आम्ही चाकणला गेलो. मोरी बाहेरच होती. मामांनी उन्हातान्हात चार बाजार केले, दर महिन्याच्या दहा तारखेच्या आत कोर्टात पैसे भरले, एकदाही चुकवलं नाही. शेवटचे दोन हप्ते, मामांच्या माघारी, विरेशने भरले. शांभवी आता दुसरीत आहे. आजोबा म्हटलं की तिला टोपी आठवते, आणि खिशातला बत्तासा.

पण त्या मंगळवारी फाटकाशी उन्हात उभी असताना मला यातलं काही ठाऊक नव्हतं. गर्दी मागून ढकलत होती. शांभवी टोपीकडे झेपावत होती. मामांनी एक हात पावतीपुस्तकावर ठेवून दुसऱ्या हाताने तिला घेतलं.

“हिला आणशील ना अधूनमधून?”

“आणीन की. महिन्यातून एकदा.”

“दोनदा.”

“मामा, चाकण काय शेजारी आहे? गाडीभाडं किती, वेळ किती, कडेवर पोर...”

“तीनदा.”

“अहो, असं कसं चढता तुम्ही?”

“चारदा,” मामा म्हणाले. तोंडावरची रेषा हलली नाही.

मागचा म्हशीवाला हसायला लागला. शेडमध्ये कोनापुरेही हसत होते. मी पदराने तोंड पुसलं. “थांबा! थांबा तिथंच. दोनदा. दोनदा आणीन, त्याच्या वर एकदाही नाही. मान्य असेल तर बोला.”

मामांनी शांभवीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि कोनापुरे त्या लिलावात बसले होते तसे हसत हसत खुर्चीत मागे टेकले.

“एक वार,” मी म्हटलं. “दोन वार...”

तीन वार म्हणायच्या ऐवजी मी शांभवीचं झबलं सारखं करत राहिले.

“म्हण की, पोरी,” मामा म्हणाले. “लोकं खोळंबल्यात.”